आधी पाणी मोजा, मग गीझर घ्या

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा वाढला की विजेच्या सामानाच्या दुकानांत गीझरचे खोके दर्शनी भागात येऊन बसतात. गिऱ्हाईक साधारणपणे दोनच प्रश्न विचारते. किंमत काय, आणि कंपनी कोणती? दुकानदारही तेवढ्याच गोष्टी सांगतो आणि वर वॉरंटीचा कागद देतो. खरे म्हणजे या सर्वांच्या आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे, आणि तो कोणीही विचारीत नाही. तुमच्या न्हाणीघराच्या नळाला पाणी किती येते?

आम्ही कापडाच्या व्यापारातील माणसे. कापडाचा पन्हा ठाऊक नसताना किती मीटर लागेल हे आम्ही सांगत नाही. पन्हा न विचारता कापड फाडून देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला शिंप्याच्या दुकानातून परत आणतो. गीझरचे तसेच आहे. गीझर पाणी तापवितो, पाणी निर्माण करीत नाही. ज्या घराच्या नळाला बारीक धार आहे, त्या घराचे गीझर निराळे आणि ज्या घराला भरपूर दाब आहे, त्या घराचे निराळे. ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे आमच्या समाजातील अनेक कुटुंबांचे पैसे वाया जातात आणि काही घरांत पैशांहून फार मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून आज या पानावर सूत आणि ग्रे कापडाचे भाव बाजूस ठेवून हा विषय घेत आहोत.

दाब पालिकेचा नव्हे, टाकीचा

केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याविषयीच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत नळजोडणीच्या ठिकाणी एकमजली वस्तीसाठी 7 मीटर, दुमजलीसाठी 12 मीटर आणि तिमजलीसाठी 17 मीटर दाब असावा, असे सांगितले होते. हे मीटर म्हणजे पाणी आपल्या जोराने किती उंच चढेल त्याचे माप होय. दहा मीटर उंचीचे पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब.

आमच्या यंत्रमागाच्या शहरांतील दाट मोहल्ल्यांत हा दाब पुस्तकातच राहतो. पाणी ठराविक वेळी आणि थोडा वेळ येते. लोक ते जमिनीतील हौदात धरतात, मोटरीने गच्चीवरील टाकीत चढवितात आणि तेथून घरभर खेळवितात. याचा अर्थ असा की न्हाणीघरातील नळाचा दाब पालिका ठरवीत नाही, तुमच्या गच्चीवरील टाकीची उंची ठरविते.

हिशेब करून पाहा. गच्चीवर टाकी थेट स्लॅबवर ठेवली आहे. तिचा तळ खालच्या खोलीच्या फरशीपासून सुमारे सव्वातीन मीटरवर येतो. गीझर भिंतीवर दीड मीटर उंच लावला आहे. टाकी निम्मी-अधिक रिकामी झाली की दोहोंतील अंतर उरते दोन मीटरहूनही कमी. म्हणजे शेवटच्या मजल्यावरच्या गीझरला दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोही दाब मिळत नाही. तोच गीझर त्याच इमारतीच्या तळमजल्यावर लावला तर त्याला तिप्पट-चौपट दाब मिळेल. म्हणून शेजाऱ्याकडे उत्तम चालणारा गीझर आपल्या घरी चालेलच असे नाही. शेजाऱ्याची शिफारस मोलाची असते, परंतु त्याचा मजला कोणता हेही विचारावे.

एक बादली आणि एक घड्याळ

गीझर घेण्यापूर्वी करावयाची तपासणी फुकट आहे. पंधरा लिटरची बादली न्हाणीघराच्या नळाखाली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ पाहा. तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला पाच लिटर पाणी येते. पाच मिनिटे लागली तर तीन लिटर. साडेसात मिनिटे लागली तर दोनच लिटर. ही तपासणी दुपारी निवांत वेळी करू नये. फजरच्या वेळी, स्वयंपाकघराचा नळ चालू असताना आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड पाणी भरीत असताना करावी. गीझरला काम त्याच वेळी करावयाचे आहे.

धार बारीक निघाली तर लगेच दुकान गाठू नये. आधी नळाची जाळी काढून साफ करावी. जुन्या लोखंडी पाइपांत क्षार आणि गंज साचून अर्ध्या इंची पाइपाचे तोंड पेन्सिलीएवढे झालेले असते. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप टाकला तर अर्ध्या इंचीच्या मानाने जवळपास अडीच पट पाणी येते. गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, तो मऊ पडतो, हे प्लंबरला बजावून सांगावे. टाकीखाली मीटर-दीड मीटर उंचीचा विटांचा ओटा बांधला तरी मोठा फरक पडतो. पुष्कळ घरांत महागड्या गीझरने जे साधत नाही ते पाइप आणि ओटा यांनी साधते. गवंडी आणि प्लंबर यांची मजुरी आधी, गीझर नंतर, हा क्रम आमच्या मते योग्य आहे.

उष्णतेचा हिशेब खोटे बोलत नाही

एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचे एक युनिट 860 किलोकॅलरी देते. हे दोन आकडे लक्षात ठेवले तर कोणताही विक्रेता आपणांस फसवू शकत नाही.

थंडीत पाणी 20 अंशांवर असते, अंघोळीला 40 अंशांचे पुरते. पंधरा लिटरची बादली 20 अंशांनी तापवावयाची म्हणजे 300 किलोकॅलरी, म्हणजे विजेचे सुमारे पाऊण नव्हे, अर्धेही नव्हे, तर अवघे 0.35 युनिट. मग ती बादली रॉडने तापवा, लहान इन्स्टंट गीझरने तापवा किंवा मोठ्या साठवणीच्या गीझरने तापवा. पाण्यात जाणारी उष्णता तेवढीच. 'आमचा गीझर निम्म्या विजेत तेवढेच पाणी तापवितो' असे सांगणारा विक्रेता साफ थाप मारतो. फरक पडतो तो साठविलेले पाणी थंड होण्यात जी उष्णता वाया जाते तिच्यात, आणि गीझरवरील तारे त्याचीच माहिती देतात. जास्त तारे म्हणजे टाकीचे अस्तर चांगले.

आता इन्स्टंट गीझर पाहू. तीन किलोवॅटचा गीझर मिनिटाला 43 किलोकॅलरी देतो. 20 अंश वाढ हवी असेल तर मिनिटाला दोन लिटरांहून थोडे अधिक पाणी तापते. म्हणजे बारीक धार असलेल्या घरात तो चालत नाही असे नव्हे. दोन माणसांचे घर असेल आणि घाई नसेल तर चालतो. परंतु त्याची दोन बंधने आहेत. त्याला तेरा अँपिअरच्या आसपास वीज लागते, तेव्हा सोळा अँपिअरचा प्लग, जाड तार आणि चांगले अर्थिंग पाहिजे. दुसरे असे की दाब कमी झाला की त्याचा जीव जातो. 230 व्होल्टच्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर तीन किलोवॅटचे जेमतेम 1.8 किलोवॅट उरतात आणि मिनिटाला सव्वा लिटर पाणी कोमट होते. माग सुरू झाले की दिवे मंद होणाऱ्या वस्त्यांतील लोकांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

साठवणीचा गीझर याच्या उलट वागतो. त्याला धारेची घाई नाही. पंचवीस लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास दोन किलोवॅटच्या गीझरला सुमारे 35 मिनिटे लागतात आणि सव्वा युनिटाच्या आत वीज लागते. या 60 अंशांच्या पाण्यात तेवढेच थंड पाणी मिसळले की 40 अंशांचे 50 लिटर, म्हणजे व्यवहारात अडीच-तीन बादल्या मिळतात. पाणी रात्रभर हळूहळू भरले असले तरी चालते, कारण तापविण्याचे काम आणि पाणी काढण्याचे काम निरनिराळ्या वेळी होते. आठ माणसांच्या कुटुंबाला सकाळी आठ बादल्या लागत असतील तर पन्नास लिटरचा एक गीझर आणि मध्ये थोडा वेळ पुन्हा तापविण्याची सवड एवढे पुरेसे होते. रोजचा खर्च तीन युनिटांच्या आसपास येईल. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे.

कमी दाबाच्या, मोठ्या कुटुंबाच्या घरासाठी आमचे मत साठवणीच्या गीझरच्या बाजूने आहे, ते या हिशेबामुळे. मात्र तो नीट बसविला पाहिजे. त्याच्या थंड पाण्याच्या तोंडाशी पाणी उलटे जाऊ न देणारी आणि जादा दाब सोडणारी झडप असतेच असते. ती 'कशाला हवी' म्हणून प्लंबरने बाजूस ठेवली तर टाकी रिकामी होताच गीझरमधील पाणी खालच्या नळाने उलट वाहून जाते आणि कोरड्या टाकीत कॉइल जळते. म्हणून आधी गरम नळ उघडून पाणी येते काय ते पाहावे आणि नंतरच बटण दाबावे, ही सवय घरातील मुलांनाही लावावी. गरम आणि थंड या दोन्ही नळांना पाणी एकाच टाकीतून द्यावे. थंड नळ थेट पालिकेच्या लाइनवर आणि गरम नळ टाकीवर असेल तर जोर असलेले थंड पाणी गरम पाण्याला मागे ढकलते आणि लोक गीझरला दोष देत बसतात. आमच्या भागातील बोअरचे पाणी जड असते, तेव्हा वर्षातून एकदा क्षार काढून घ्यावेत.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी रॉडची लाज बाळगू नये. दीड किलोवॅटचा रॉड पंधरा लिटर पाणी सतरा-अठरा मिनिटांत 45 अंशांवर नेतो आणि त्याला नळाच्या दाबाशी काही देणेघेणे नाही. तसेच आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाचे. वरून जेवढे पाणी ओतावे तेवढेच खालून निघते. परंतु रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नये, बादली धातूची नसावी, आणि रॉडवर आय.एस.आय. चिन्ह व 368 हा क्रमांक पाहूनच घ्यावा. घरात गळतीची वीज पकडून बंद होणारा स्विच बसविणे हे तर रॉड असो वा गीझर, प्रत्येक घरात आवश्यक आहे.

गॅस गीझर: येथे प्रश्न पैशांचा नाही

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत आमच्या मोहल्ल्यांत गॅस गीझर फार झाले. किंमत कमी, वीज लागत नाही, बटण दाबावे लागत नाही. घर भाड्याचे असले तरी काढून नेता येतो. लग्नात भेट म्हणूनही तो दिला जातो. त्याची सोय आम्ही नाकारीत नाही. त्याची दुसरी बाजू सांगितली जात नाही, ही आमची तक्रार आहे.

पहिली गोष्ट दाबाची. गॅस गीझरमध्ये पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा ढकलला जातो, तेव्हाच गॅसची झडप उघडते. बहुतेक गीझरांना यासाठी साधारण दोन-अडीच मीटर उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. शेवटच्या मजल्यावर तेवढा दाब नसतो, हे वर पाहिलेच. मग गीझर पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. पेटून राहिला तरी पाणी कमी आणि ज्योत मोठी. मिनिटाला सहा लिटरसाठी बनविलेल्या ज्योतीखालून तीन लिटर पाणी गेले तर ते 70 अंशांपर्यंत तापू शकते. लहान मुलाच्या अंगावर ते पडले तर काय होईल याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट जिवाची. गॅस जळण्यास हवा लागते. बंद न्हाणीघरात हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या घटकाने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते, पाय गळतात आणि दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात. न्हाणीघराचे दार तोडले तेव्हा आत तरुण मुलगी किंवा नवविवाहित जोडपे निपचित पडलेले आढळले. सिलिंडर फुटला नाही, आग लागली नाही, शेजाऱ्यांना आवाज आला नाही.

आमच्या घरांत हा धोका अधिक आहे, आणि त्याचे कारण स्पष्ट बोलले पाहिजे. न्हाणीघर लहान असते. एकमेव झरोका थंडीसाठी आणि पडद्यासाठी पुठ्ठ्याने किंवा प्लास्टिकने बंद केलेला असतो. एकामागून एक पाच-सहा जण अंघोळ करतात आणि दार मध्ये उघडले तरी क्षणभरच. शेवटी जाणारी बहुधा घरातील स्त्री असते, सर्वांचे आटोपून. सर्वांनी वापरून दूषित झालेली हवा तिच्या वाट्याला येते. पडदा जरूर पाळावा, पण झरोक्याला जाळी आणि तिरप्या पट्ट्या लावूनही तो पाळता येतो. त्यासाठी हवा अडविण्याची गरज नाही.

म्हणून आमचे मत ठाम आहे. गॅस गीझर न्हाणीघराच्या आत लावूच नये. लावावयाचा असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत, गॅलरीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूस लावावा, धूर बाहेर नेणारी नळी जोडावी आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा. केवळ पंख्यावर भिस्त ठेवू नये, पंखा बिघडतो आणि वीज जाते. सिलिंडर न्हाणीघरात ठेवू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचून राहतो. निळी ज्योत पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली तर त्या दिवसापासून वापर बंद करावा. गीझरवर आय.एस.आय. चिन्ह आणि 15558 हा क्रमांक पाहावा. कोणी आत बेशुद्ध सापडले तर प्रथम गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि तडक दवाखान्यात न्यावे. बाहेर लावण्यास जागा नसेल तर गॅस गीझरचा विचार सोडून द्यावा. दोन हजार रुपये वाचविण्यासाठी इतका मोठा सौदा कोणी शहाणा व्यापारी करणार नाही.

सौर बंबाचे गणित

ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांच्यासाठी सौर पाणी तापक उत्तम. महाराष्ट्रात पावसाळा सोडला तर ऊन भरपूर आहे. परंतु येथेही पाण्याचा प्रश्न आधी येतो. सौर टाकीला पाणी देणारी थंड पाण्याची टाकी तिच्याहून उंच असावी लागते. त्यासाठी लोखंडी स्टँड किंवा ओटा लागतो आणि त्याचा खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये पुष्कळदा नसतो. सौर टाकी थेट पालिकेच्या नळावर जोडणे तर घातकच. नळ नसताना काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या तापतात आणि दुपारी अचानक थंड पाणी आले की तडकतात. वरची टाकी कधीही रिकामी पडणार नाही अशी व्यवस्था असेल तरच सौर बसवावा.

गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत वीस मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात पाच-सहा लिटर पाणी मावते. रोज सकाळी गरम पाणी येण्याआधी तेवढे गार पाणी निघते. ते मोरीत सोडून देऊ नये, बादलीत धरावे. आणखी एक खुलासा आवश्यक वाटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान गच्चीवर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापविणाऱ्या सौर बंबासाठी नाही. दोन्हींची सरमिसळ करून सांगणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

शेजाऱ्याचे पाणी ओढू नये

दाब कमी म्हणून पुष्कळ लोक पालिकेच्या नळावर थेट मोटर लावतात. पालिका यास मनाई करतात आणि ते रास्तच आहे. मोटर नवे पाणी आणीत नाही, पुढच्या घराचे पाणी ओढते. शिवाय लाइन फुटकी असेल तर गटाराचे पाणीही आत खेचते, आणि मग मोहल्ल्यात काविळीची साथ येते. शेजाऱ्याचा हक्क आमच्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. दाब वाढविणारा पंप बसवावयाचाच असेल तर तो आपल्या गच्चीवरील टाकीनंतरच्या पाइपावर बसवावा, आणि गीझर व सौर टाकी तो दाब सोसतील काय हे आधी विचारून घ्यावे. काचेच्या नळ्यांचे साधे सौर बंब सोसत नाहीत.

पाणी कमी आहे हे दुःख मानण्याचेही कारण नाही. प्रेषित मुहम्मद (स.) गुस्ल सुमारे एक साअ पाण्यात आणि वुजू एक मुद पाण्यात करीत, हे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. साअच्या मापाविषयी जाणकारांत थोडा फरक आहे, पण ते तीन लिटरांच्या आसपासच येते आणि मुद त्याचा चौथा हिस्सा. आमची बादली पंधरा लिटरांची आहे. ज्या घराला मिनिटाला दोन लिटर पाणी येते, ते घर स्वच्छतेला आणि इबादतीला तोटके नाही.

दुकानदार बंधूंना

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंना दोन शब्द. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी आतील ओला माल ओळखला आणि तो वर ठेवण्यास विक्रेत्याला सांगितले, ही हकीकत आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकली आहे. कमी माप देणाऱ्यांच्या नावाने कुरआनमध्ये एक संपूर्ण सूरह आहे. ओला माल म्हणजे केवळ ओले धान्य नव्हे. गिऱ्हाइकाच्या घरी चालणार नाही हे ठाऊक असून न बोलता विकलेला गीझर हाही ओलाच माल होय.

गीझरच्या खोक्यातील पुस्तिका बहुधा इंग्रजी आणि हिंदीत असते. 'हवेशीर जागी लावा, किमान दाब इतका' हे त्यात लिहिलेले असते, पण आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या अनेकांना, आणि त्याहून अधिक घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना, ते वाचता येत नाही. म्हणून जे छापलेले आहे ते तोंडाने सांगणे ही दुकानदाराची जबाबदारी ठरते. मजला कितवा, टाकी किती उंच, बादली किती मिनिटांत भरते, न्हाणीघराला झरोका आहे काय, एवढे चार प्रश्न विचारण्यास दोन मिनिटे लागतात. उत्तर प्रतिकूल असेल तर 'हा तुमच्या कामाचा नाही' असे सांगावे. एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक जन्माचे राहील. चार-पाच दुकानदारांनी एकत्र येऊन हे प्रश्न उर्दू आणि मराठीत एका कागदावर छापून प्रत्येक बिलासोबत दिले तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा.

गिऱ्हाइकांनीही आपले कर्तव्य करावे. दुकानात जाताना बादलीची मिनिटे आणि टाकीची उंची कागदावर लिहून न्यावी. ज्या दुकानदाराला त्या कागदात रस नाही त्याच्याकडून गीझर घेऊ नये. हिवाळा दरवर्षी येतो आणि जातो. घरातील माणसे सुखरूप राहिली पाहिजेत, पाणी थोडे कोमट असले तरी चालेल.